दत्तक संस्थेतली सोशल वर्कर

दत्तक संस्थेतली सोशल वर्कर म्हणजे ज्या मुलाला आईवडील नाहीत, किंवा आहेत पण सांभाळू शकत नाहीत, त्या मुलाला कायमचं घर मिळेपर्यंत त्याची केस बघणारी व्यक्ती. सरकारी कागदावर हे पद 'समाजसेविका' नाहीतर 'सामाजिक कार्यकर्ता' असं लिहितात. संस्थेतली मोठी मुलं हाक मारतात 'ताई' (न्हाऊमाखू घालणाऱ्या, रात्री उठून बाटली देणाऱ्या बाया त्या 'मावशी'), आणि दत्तक घ्यायला आलेलं जोडपं म्हणतं 'मॅडम', तेही जरा घाबरतच, कारण ह्याच मॅडम उद्या आपलं घर बघायला येणार असतात. पुरुषही ह्या कामात आहेत पण कमी, म्हणून इथे ताईच म्हणू.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ह्या कामात दिवसभर बाळं कुशीत घ्यायची असतात. ते काम मावशींचं. ताईंचा दिवस जातो पोलीस स्टेशनात, सिव्हिल हॉस्पिटलात, बाल कल्याण समितीच्या (सीडब्ल्यूसीच्या) दाराबाहेरच्या बाकड्यावर आणि सगळ्यात जास्त लिहिण्यात. प्रत्येक मुलाची एक फाइल असते आणि मूल घरी गेलं तरी फाइल संस्थेतच राहते. ह्या नोंदीत पुढे ती फाइल सारखी येईल, कारण कामातली खरी कसब तिच्यातच दिसते.

मागचा इतिहास

मराठी माणसाला दत्तक म्हटलं की आधी शाळेतला इतिहासाचा पेपर आठवतो. डलहौसी, सातारा, झाशी, दत्तक वारस नामंजूर. किंवा मग नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, ती गोष्ट. त्या सगळ्या दत्तकविधानांमध्ये घराला वारस हवा होता, मुलाला घर हवं होतं म्हणून कोणी दत्तक घेत नव्हतं. दुसऱ्या बाजूची सुरुवात पुण्यात झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, अडचणीत सापडलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल मारू नये म्हणून, आणि पुढे तिथेच आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत स्वतः दत्तक घेतला. पंढरपूरलाही १८७५ पासून प्रार्थना समाजाचा बालकाश्रम आहे.

कायदा मात्र फार उशिरा आला. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा फक्त हिंदूंना (त्यात बौद्ध, जैन, शीख धरून), मुसलमान, ख्रिश्चन, पारशी लोकांना १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालक म्हणून नेमून घेता यायचं, मूल कायद्याने आपलं व्हायचंच नाही. परदेशात मुलं पाठवण्यात गैरप्रकार होतात असं एका वकिलाने सुप्रीम कोर्टाला पत्राने कळवलं, त्यातून १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे केसचा निकाल आला, आणि त्या निकालातून १९९० मध्ये 'कारा' ही देशातलं दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था उभी राहिली. आता सगळं काम चालतं ते २०१५ च्या बाल न्याय कायद्यावर आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीवर. ह्या कायद्याने कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं.

मूल येतं तेव्हा

एसटी स्टँड, देवळाची पायरी, हॉस्पिटलचं आवार, कधी शेताचा बांध. कोणाला तरी रडणं ऐकू येतं, १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन जातो, पोलीस येतात, पंचनामा होतो, बाळ आधी दवाखान्यात. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाळाला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे सीडब्ल्यूसीपुढे, हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, अधिकार मॅजिस्ट्रेटचे. मग समितीच्या आदेशाने बाळ विशेष दत्तक संस्थेत येतं.

ताईंचं पहिलं काम म्हणजे काय सापडलं ते लिहून ठेवणं. कुठल्या जागी, किती वाजता, अंगावर काय होतं, कशात गुंडाळलेलं होतं, गळ्यात काळा दोरा होता का, नाळ कशाने बांधलेली होती. नवीन मुली हे दोन ओळींत उरकतात आणि जुन्या ताई त्यावरून ओरडतात, बरोबरच ओरडतात, कारण ह्या मुलाच्या जन्माची एवढीच गोष्ट जगात शिल्लक आहे आणि ती उद्या कोणी दुसरं सांगणार नाहीये. जन्मतारीख डॉक्टर अंदाजाने सांगतात, नाव संस्था ठेवते, आणि तो अंदाज मग आधार, शाळेचा दाखला, पासपोर्ट असा आयुष्यभर सोबत जातो.

दुसऱ्या प्रकारचं मूल म्हणजे सरेंडरचं, आईने किंवा आईवडिलांनी समितीसमोर सही करून दिलेलं. इथे ताईंचं काम जास्त अवघड आहे. समोर बसलेली मुलगी कधी एकोणीस वर्षांची असते, सोबत मामी नाहीतर मावशी, आणि 'लवकर सही घ्या, पाचची गाडी आहे' अशी घाई. तिला एकटीला बाजूला घेऊन विचारावं लागतं की बाई, तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे, पैशाचीच अडचण असेल तर दुसरा मार्ग आहे, आणि सही केल्यावरही साठ दिवस तुझ्या हातात आहेत, त्या मुदतीत परत येऊन मूल नेता येतं. हे साठ दिवस पुष्कळांना कोणी सांगतच नाही. सरेंडर करणं हा गुन्हा नाही हेही सांगावं लागतं, कारण गुन्हा वाटतो म्हणूनच मूल बांधावर ठेवलं जातं. ह्याच्या उलट डॉक्टरने नाहीतर ओळखीच्या नर्सने परस्पर मूल 'देऊन टाकणं' हा मात्र गुन्हा आहे, आणि पैसे घेतले असतील तर ती मुलाची विक्री धरतात, त्याला सक्तमजुरी आहे. गावाकडे अजून लोक त्याला पुण्याचं काम समजतात.

टाकलेल्या मुलाच्या घरच्यांचा शोध घ्यायचा, पेपरात फोटोसकट जाहिरात द्यायची, पोलिसांकडून 'शोध लागला नाही' असा रिपोर्ट आणायचा. दोन वर्षांखालचं मूल असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत समितीने ते दत्तकासाठी मोकळं जाहीर करायचं असतं, ज्याला संस्थेत सगळे 'फ्री झालं' म्हणतात. कागदावर दोन महिने. पण पोलीस रिपोर्टला उशीर, समितीची मुदत संपून नवीन नेमणूकच नाही, असल्या कारणांनी फाइल अडकते आणि इकडे बाळ पालथं पडायला लागतं, रांगायला लागतं. दत्तकाच्या बाजारात (शब्द वाईट आहे, पण आहे तसा आहे) सहा महिन्यांचं बाळ आणि तीन वर्षांचं मूल ह्यात किती फरक पडतो हे ताईंना माहीत असतं, म्हणून त्या रिपोर्टसाठी त्या स्टेशनच्या पायऱ्या झिजवतात.

होम स्टडी

मूल फ्री झालं की त्याचा चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट काराच्या पोर्टलवर चढतो. दुसऱ्या बाजूने पालक त्याच पोर्टलवर नाव नोंदवून रांगेत. रांग भली मोठी आहे, तीस हजारांहून जास्त पालक, आणि देशात वर्षाला दत्तक जाणारी मुलं चार-साडेचार हजार, २०२४-२५ मध्ये ४,५१५, त्यामुळे लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. लोक विचारतात एवढी अनाथ मुलं असताना रांग कशी काय. उत्तर असं की बालगृहातली बहुतेक मुलं अनाथ नसतातच, त्यांचं कोणीतरी असतं.

नोंदणीनंतर ताई घरी येतात ती होम स्टडी. घरात फ्रिज कितवा आणि सोफा कसला हे बघायला नाही, तरी लोक नवीन पडदे लावून ठेवतात. बघायचं असतं ते वेगळंच. दोघांपैकी मूल नक्की कोणाला हवंय, दुसरा नुसता मान हलवतोय का? सासूबाई खोलीत आल्यावर सुनेचा आवाज का बदलला? स्वतःचं मूल न होण्याचं दुःख बोलून झालंय की त्याच्यावर मलमपट्टी म्हणून हे चाललंय? आणि मुलाला सांगणार का की तू दत्तक आहेस? इथे बरेच जण म्हणतात, 'मोठा झाला की सांगू', आणि ताईंचं ठरलेलं उत्तर असतं की शाळेत जायच्या आधीपासून गोष्टीसारखं सांगायला लागा, नाहीतर लग्नाच्या वयात कोणीतरी नातेवाईक सांगतोच. गोरं बाळ, आपल्या जातीचं बाळ, हेही प्रश्न येतात, कधी सरळ, कधी 'आमच्या घरात शोभेल असं' अशा भाषेत. मुलीला मात्र मागणी चांगली आहे, गेली कित्येक वर्षं दत्तक गेलेल्यांत मुली मुलांपेक्षा जास्त, अर्थात टाकलेल्यांतही मुली जास्त असतात हा त्याचा दुसरा भाग.

वयाचा हिशोबही ताईंनाच समजावून सांगावा लागतो, नवराबायकोच्या वयाची बेरीज दोन वर्षांखालच्या मुलासाठी ८५ च्या आत, एकट्या बाईला ४० पर्यंत, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. नंबर आला की पोर्टलवर मुलाचा फोटो आणि रिपोर्ट दिसतो, अठ्ठेचाळीस तासांत राखून ठेवायचं, मग प्रत्यक्ष भेट, एकूण तीस दिवसांत होकार. पूर्वी मॅचिंग ताई स्वतः करायच्या, कोणतं बाळ कोणत्या घरात रमेल ते डोळ्याने बघून. आता कॉम्प्युटर रांगेप्रमाणे करतो, त्याने वशिला थांबला हे खरंच, पण ती नजरही कामातून गेली असं जुन्या ताई म्हणतात आणि मला ते पटतं.

शेवटचा आदेश आधी कोर्टाचा असायचा, २०२१ च्या दुरुस्तीने तो १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये चालू केसेस ट्रान्सफर करू नका असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा काही महिने ताईंना पालकांच्या रोजच्या फोनला काय उत्तर द्यावं हेच कळत नव्हतं. आदेशानंतर नवीन आईवडिलांच्या नावाने जन्मदाखला निघतो आणि पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप.

मोठी मुलं

सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला घर मिळवणं हे ह्या कामातलं सगळ्यात दमवणारं काम. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची स्वतःची संमती लागते, म्हणजे त्याला आधी समजवायचं की दत्तक म्हणजे काय, आणि तो विचारतो, 'ते परत आणून सोडतील का?' ह्याला खोटं उत्तर देता येत नाही. त्याच्यासोबत बसून लाइफ बुक बनवतात, फोटो, चित्रं, आधी कुठे होतो, मग इथे कसा आलो, आवडती मावशी कोण. पालकांनाही तयार करावं लागतं की पहिला महिना सगळं गोड जाईल, मग तो उशीखाली बिस्किटं लपवेल, पोळ्या खिशात ठेवेल, वस्तू फोडेल, 'मला इथे राहायचंच नाही' म्हणेल, कारण तो तपासून बघतोय की हे लोक टिकतात का. काही टिकत नाहीत. आदेशाच्या आधी मूल परत आलं तर त्याला डिसरप्शन म्हणतात. ते मूल त्याच गेटमधून त्याच बॅगेसकट परत येतं तेव्हा ताईंना बाकीच्या मुलांनाही सामोरं जावं लागतं, कारण आदल्या महिन्यात सगळ्यांनी मिळून त्याला औक्षण करून पाठवलेलं असतं.

दत्तक हाच एक मार्ग नाही, कायदाही मुलाला आधी त्याच्याच घरी ठेवायला सांगतो. आजी आहे, काका आहे, आई आहे पण पगार पुरत नाही, तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेची महिना ४,००० रुपयांची स्पॉन्सरशिप किंवा राज्याच्या बालसंगोपन योजनेचे २,२५० रुपये मिळवून देऊन मूल घरीच राहतं का हे बघायचं. ज्यांना दत्तकासाठी पालक मिळाले नाहीत त्यांना फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न जाता एखाद्या कुटुंबात राहायला पाठवणं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिथे दोन वर्षं राहिल्यावर ते कुटुंब मूल दत्तक घेऊ शकतं, आधी पाच वर्षं लागायची. अशा केसमध्ये पेढे वाटले जात नाहीत, फोटो निघत नाहीत, पण चांगली ताई ओळखायची असेल तर तिने किती मुलं संस्थेत येऊच दिली नाहीत ते विचारावं.

नोकरी म्हणून

बहुतेक जणी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) केलेल्या, मुंबईचं टीआयएसएस किंवा निर्मला निकेतन, पुण्याचं कर्वे इन्स्टिट्यूट, नाहीतर आपापल्या जिल्ह्यातलं कॉलेज. सरकारी योजनेत दहा मुलांच्या युनिटमागे जे पद आहे त्याचं नाव 'सोशल वर्कर कम अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर', म्हणजे एकाच पगारात दोन माणसं. पगार म्हणायचं, असतं मानधन, आणि तेही वेळेवर येईलच असं नाही. दोन-तीन वर्षांत सोडून जाणाऱ्या खूप. सोडून गेल्या की त्यांच्या डोक्यातलं सगळं जातं, फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच उरतं.

रूट सर्च

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याहून युरोपात गेलेली बाळं आता पन्नाशीला टेकलीत आणि त्यातली काही जन्माचा माग काढत परत येतात, इथे वाढलेलीही येतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत, तिऱ्हाईताला नाही. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवा असं सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते उघड होत नाही, पण मूल का द्यावं लागलं ती परिस्थिती सांगता येते. मग कपाटातून जुनी फाइल निघते. समोर बसलेल्या माणसाला मराठी येत नसेल तर ताई वाचून समजावते, बाळ अमुक ठिकाणी, सकाळी इतक्या वाजता, हिरव्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, पोट भरलेलं होतं, झोपलेलं होतं. पोट भरलेलं होतं हे लिहायला कोणी सांगितलेलं नसतं. तो माणूस ती ओळ दोनदा-तीनदा वाचून घेतो, फोटो काढू का विचारतो, आणि ताई ऑफिसला फोन लावून परवानगी मिळते का बघते.