हृदयातली चरबीची गाठ कशी दिसू लागली

पाठीवरची, बोटाने दाबली की सरकणारी मऊ गाठ डॉक्टर चाचपूनच ओळखतात. लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ. तीच हृदयात झाली की तिथे बोट पोचत नाही, आणि तिच्या निदानाची सगळी धडपड इथूनच सुरू होते.

मुळात हृदयातच उगवणाऱ्या गाठी फार विरळ, शवविच्छेदनांत दहा हजारांत दोन-तीन. त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश कर्करोगाच्या नसतात. मोठ्यांमध्ये मिक्सोमा, म्हणजे जेलीसारखी मऊ, कर्करोगाची नसलेली गाठ जास्त, लायपोमा त्याहून कमी. पूर्वी हृदयातल्या गाठी बहुतेक मृत्यूनंतरच सापडत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्जन मॉरर यांनी डाव्या निलयाचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याचा लायपोमा काढला, तेव्हा ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन माणसावर यशस्वी व्हायचं होतं. ते यश सर्जन गिबन यांना १९५३ मध्ये मिळालं, आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये सर्जन क्राफोर्ड यांनी त्या तंत्राने हृदय उघडून मिक्सोमा काढला.

१९५३ मध्येच स्वीडनमधल्या लुंडमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिलं. आजही पहिली शंका बहुधा याच तपासणीत, म्हणजे इकोत येते. पण इको गाठ दाखवतो, ती कशाची आहे ते खात्रीने सांगत नाही. रक्ताची गुठळी, मिक्सोमा, लायपोमा, सगळे थोडेफार सारखेच दिसू शकतात.

हा प्रश्न सोडवला १९७० च्या दशकात आलेल्या सीटी स्कॅनने. सीटीचे जनक हाउन्सफिल्ड यांच्या मोजपट्टीवर, म्हणजे ऊती क्ष-किरण किती अडवतात त्याच्या मापात, पाणी शून्य, चरबी शून्याच्या खाली, साधारण उणे पन्नास ते उणे शंभरच्या आसपास. एमआरआयमध्ये तर हे डोळ्यांदेखत घडतं: एका चित्रात गाठ पांढरीशुभ्र, आणि चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या पुढच्या चित्रात तीच जागा काळी.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते या चाचण्यांनी टळलेलं ऑपरेशन. दोन कर्णिकांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात नुसती चरबी साठून तो जाड होतो, हे १९६४ मध्ये वेगळं ओळखलं गेलं. या चरबीला गाठीसारखं आवरण नसतं, आणि पडद्याच्या मधल्या पातळ भागात ती साठत नाही, म्हणून आकार डंबेलसारखा दिसतो. त्याला सहसा हात लावायची गरज नसते.

त्रास न देणाऱ्या छोट्या लायपोमावरही फक्त नजर ठेवतात. ठोके बिघडले, धाप लागली, रक्ताची वाट अडली, तर मात्र शस्त्रक्रिया. गाठ स्नायूत शिरली असेल तर भिंतीचा तुकडाही काढून पॅच शिवावा लागतो. काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जातेच, कारण क्वचित तिच्यासारखाच दिसणारा लायपोसार्कोमा निघतो, आणि तो कर्करोग असतो.