न्यूमॅटिक ॲक्च्युएटर : उघडण्याआधी वाचा

‘ॲक्च्युएटर गेलाय, सील किट बदलून द्या.’ आमच्याकडचे बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतात. (ॲक्च्युएटर म्हणजे हवेच्या दाबावर व्हॉल्व्ह फिरवणारे यंत्र, सील किट म्हणजे त्यातल्या रबरी रिंगांचा संच.) किट आम्ही बदलून देऊच, पण गेलाय तो ॲक्च्युएटरच ना, हे आधी बघून घ्या. उघडल्यावर आत सगळे ठणठणीत निघाले, की तुमची लाइन फुकट खोळंबते आणि आम्हालाही बिल करताना अवघडल्यासारखे होते.

हे पत्रक मुख्यतः रॅक-पिनियन जातीच्या, व्हॉल्व्ह ९० अंशांत फिरवणाऱ्या ॲक्च्युएटरबद्दल आहे. त्यात पिस्टनवरच्या दातेरी पट्ट्या (रॅक) मधला दातेरी दांडा (पिनियन) फिरवतात. तक्रारी सर्वांत जास्त त्याच्याच येतात.

आधी हवा बघा

व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकतो, तेव्हा ऑपरेटर हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरच्या गेजकडे बोट दाखवतो : ‘बघा, ६ बार आहे.’ असतोच, कारण तेव्हा हवा वाहतच नसते. गेज बघायचा तो व्हॉल्व्ह फिरत असताना आणि शक्यतो ॲक्च्युएटरच्या तोंडाशी. फिल्टर चोंदला असेल, नळी बारीक किंवा कुठे मुडपलेली असेल, तर त्या दोन सेकंदांत काटा ४ वर येतो आणि मग गुपचूप ६ वर जाऊन बसतो.

दाब एवढा उतरला तर काय होते? डबल ॲक्टिंगमध्ये, म्हणजे दोन्ही दिशांना हवेवरच फिरणाऱ्या नगात, हिशेब सरळ आहे. दाब एक तृतीयांश कमी, तर टॉर्कही, म्हणजे फिरवण्याची ताकदही, एक तृतीयांश कमी. स्प्रिंग रिटर्नमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर परत फिरणाऱ्या नगात, मात्र हवेला व्हॉल्व्हही फिरवायचा असतो आणि स्प्रिंगही दाबायची असते. समजा, ६ बारला हवेचा टॉर्क ९० न्यूटन-मीटर आहे आणि पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगा त्यातले ४५ खातात. व्हॉल्व्हला उरले ४५. आता दाब ४ बारवर आला. हवेचे झाले ६०, स्प्रिंगांचे ४५ तसेच, व्हॉल्व्हच्या वाट्याला आले १५. दाब तिसऱ्या हिश्शाने उतरला आणि हातातली ताकद दोन तृतीयांशाने गेली. ‘स्प्रिंगवाला नीट बंद होतो, पण हवेवर पूर्ण उघडत नाही’ या तक्रारीचे मूळ बरेचदा इथेच सापडते.

दुसरा संशयित म्हणजे खुद्द व्हॉल्व्ह. ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग दाबणारा भाग) जास्त आवळला असेल, सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या जागी) माल साचला असेल, तर नवाकोरा ॲक्च्युएटरही हात टेकतो. व्हॉल्व्हवरून उतरवून ॲक्च्युएटर एकटाच चालवून बघा. एकटा असताना लोण्यासारखा फिरत असेल, तर आमच्याकडे पाठवू नका. व्हॉल्व्हकडे लक्ष द्या.

हवा कुठून सुटते?

सोलेनॉइडच्या (ॲक्च्युएटरला हवा देणाऱ्या-सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या) एक्झॉस्टमधून सतत फुसफुस होत असेल, तर पासिंग, म्हणजे आतल्या आत गळती, दोन ठिकाणी असू शकते : सोलेनॉइडचा स्पूल (आतला सरकता भाग) किंवा पिस्टनची ओ-रिंग (रबरी रिंग). डबल ॲक्टिंगमध्ये ओळखायला सोपे आहे. ॲक्च्युएटर एका टोकाला उभा करा आणि ज्या बाजूला हवा नाही, त्या पोर्टवर काय जोडले आहे ते सोडवा. पोर्टमधून हवा येत राहिली तर पिस्टन पास होतोय, नाही आली तर सोलेनॉइड बदला. स्प्रिंग रिटर्नमध्ये स्प्रिंगच्या बाजूच्या मोकळ्या पोर्टवर बोट धरा. हवा भरलेली असताना तिथे सतत झुळूक लागली, तर पिस्टनची ओ-रिंग गेली. एंड कॅप (बॉडीच्या टोकांची झाकणे) आणि पिनियनच्या वरच्या टोकाला साबणाचे पाणी लावले की बाकीचे कळते.

उतरवताना

या भागात आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. लाइन रिकामी आणि दाब शून्य झाल्याशिवाय ॲक्च्युएटर उतरवू नका. त्याच्याविना बटरफ्लाय व्हॉल्व्हची डिस्क प्रवाहाच्या जोराने स्वतःच फिरते. बॉल व्हॉल्व्हच्या पोटात दाब कोंडून राहतो, म्हणून लाइन रिकामी केल्यावर तो एकदा अर्धा उघडून घ्या.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे अर्ध्यात जाम झालेला स्प्रिंग रिटर्न. हवा सोडली, नळ्या काढल्या, सगळे शांत वाटते. पण स्प्रिंगा अजून दाबलेल्या असतात आणि त्यांचा सगळा जोर व्हॉल्व्हच्या दांड्यावर असतो. अशा वेळी ब्रॅकेटचे बोल्ट सोडले, तर दांडा जागेवर राहतो आणि ॲक्च्युएटरची बॉडीच गर्रकन फिरते. पाना हातात असलेल्या माणसाच्या मनगटाचे काय होते, ते आम्ही पाहिलेले आहे. असा नग जागेवरच राहू द्या आणि आम्हाला बोलवा.

स्कॉच-योक जातीच्या (खाचेच्या आड्याने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या) ॲक्च्युएटरचा स्प्रिंगचा डबा तर कुणीही उघडू नये, अगदी अनुभवी फिटरनेसुद्धा.

आमच्या बाकावर

नग आला की आधी रंगाच्या पेनने खुणा होतात : पिनियन कुठे, एंड कॅप कुठली, कुठल्या बाजूला किती स्प्रिंगा. ही सवय आम्हाला एका चुकीने लावली. दोन्ही पिस्टन उलटे बसवून आम्ही एक नग परत पाठवला होता. बाकावर तो छान चालला. लाइनवर मात्र हवेचा पुरवठा गेल्यावर जो व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, तो उघडू लागला. चाचणीतच लक्षात आले म्हणून निभावले.

एंड कॅपचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आणि आळीपाळीने सैल करायचे. पिस्टन पिनियन फिरवून बाहेर काढायचे, हवा मारून कधीही नाही. मग बोअर (पिस्टन सरकतो ती आतली पोकळी) पुसून त्यावर नख फिरवायचे. डोळ्याला न दिसणारा ओरखडा नखाला लागतो. नख अडले, तर नवी ओ-रिंगही तिथे फार दिवस टिकणार नाही. पॉलिश पेपर मारून बोअर ‘चकाचक’ करणारे भेटतात. त्यात ॲनोडायझिंगचा कडक थर निघून जातो आणि खालचे ॲल्युमिनियम भराभर झिजते.

ओ-रिंगा, पिस्टनचे गाइड, पिनियनची बेअरिंग आणि सर्क्लिप (पिनियन जागेवर धरणारी कडी) आम्ही नवीनच घालतो. साध्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा साधारण उणे २० ते ८० अंशांपर्यंत चालतात. वाफेच्या लाइनवर, भट्टीशेजारी त्या कडक होऊन चिरतात. तिथे व्हायटॉन (जास्त उष्णता सोसणारे रबर) घ्या आणि नग पाठवताना तापमान लिहा. ग्रीसचा पातळ हात पुरे होतो. थापून लावले की कचरा धरते.

जोडताना दोन्ही रॅक एकाच वेळी दातात बसायला हवेत. एका दाताची चूक झाली, तर ॲक्च्युएटर ९० अंश पूर्ण करत नाही. म्हणून दोन्ही टोकांकडून पिस्टनची खोली व्हर्नियरने मोजून आम्ही ती सारखी असल्याची खात्री करतो. मग कमी दाबावर सावकाश चालवून बघतो, कारण पूर्ण दाबावर झटके झाकले जातात.

बोअर झिजला असेल, बॉडीला चीर असेल किंवा रॅकचे दात खाल्लेले असतील, तर आम्ही नवा घ्यायला सांगतो. लहान मापात तेच परवडते.

परत बसवल्यावर

फिरणे दोन्ही टोकांना थांबवणारे स्टॉप-बोल्ट ॲक्च्युएटर व्हॉल्व्हवर बसवल्यावरच जुळवा. बाकावरचे ९० अंश आणि तुमच्या व्हॉल्व्हचे ‘पूर्ण बंद’ यांत थोडा फरक असतोच.

एका ग्राहकाचा एकच नग वर्षात तीनदा आला. तिसऱ्यांदा आम्हीच साइटवर गेलो. फिल्टरची वाटी पाण्याने निम्मी भरलेली होती आणि ती कुणी रिकामी करायची, हे ठरलेलेच नव्हते. ते पाणी आतले ग्रीस धुऊन नेत होते आणि स्प्रिंगा गंजत होत्या. तेव्हा वाटी रोज बघा. लाइनवर ऑइलर (हवेत तेल सोडणारा भाग) लावला असेल तर तो कायम चालू ठेवा. तेलाने मूळचे ग्रीस एकदा धुतले गेले की तेल बंद करून चालत नाही.

महिनोन्‌महिने एकाच जागी उभा राहणारा व्हॉल्व्ह प्रोसेस परवानगी देईल तेव्हा थोडा हलवून घ्या. कपाटातल्या स्पेअरचे पोर्ट बूच लावून बंद ठेवा आणि अधूनमधून तोही हवेवर फिरवा.

पाठवताना सोबत

नेमप्लेटचा फोटो, व्हॉल्व्हचा प्रकार आणि माप, चालताना मिळणारा दाब, आजूबाजूचे तापमान आणि हवेचा पुरवठा गेल्यावर व्हॉल्व्ह उघडायला हवा की बंद व्हायला, एवढे चिठ्ठीवर लिहा. पोर्टवर चिकटपट्टी लावा. आणि आधी कुणी उघडून बघितला असेल तर तसे सांगा. आम्ही रागवत नाही, फक्त स्प्रिंगा मोजून घेतो.