१९ युनिट आणि लांबचा ताणा

लाईट बिलावरचे १९ युनिट म्हणजे सोलापुरातल्या साध्या घराचे उन्हाळ्यातले तीन-चार दिवस. कूलर, पंखे, फ्रीज धरून. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या यंत्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये एका प्रयोगात तेवढी ऊर्जा बाहेर काढली, ६९ मेगाज्यूल. इंधन लागलं ०.२ मिलिग्रॅम. मिठाचे दोन-तीन कण, बस.

हे केंद्रकीय संलयन. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडं. त्यांची केंद्रकं एकजीव झाली की हेलियम बनतो आणि ऊर्जा सुटते. पण दोन्ही केंद्रकं धन भाराची, एकमेकांना दूर लोटणारी. त्यांना भिडवायला १५ कोटी अंश सेल्सिअस लागतात. पारा ४४ वर गेला तर आपण दुपारी दार उघडत नाही. इथे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट तापलेला प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, चुंबकांच्या जोरावर, भिंतीला टेकू न देता, धरून ठेवायचा. तो धरून ठेवायला ‘जेट’ला मिळाली त्याहून जास्त ऊर्जा खर्चावी लागली, हेही सांगायला हवं.

फ्रान्समध्ये कादाराश इथे अनेक देश मिळून उभारत असलेलं ‘ईटर’ हे संलयन यंत्र हे गणित उलटवायला आहे: ५० मेगावॉट उष्णता घालून ५०० मिळवायची. भारत २००५ मध्ये त्यात सातवा भागीदार झाला. आपला वाटा सुमारे ९ टक्के, आणि तो बहुतांशी रोख न देता यंत्राचे भाग बनवून द्यायचा. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘ईटर’चं बाहेरचं निर्वात भांडं, क्रायोस्टॅट, गुजरातमध्ये हजिरा इथे बनलं. उंची २९ मीटर, वजन ३,८५० टन. अख्खं नेणं अशक्य, म्हणून ५४ तुकडे जहाजाने गेले आणि तिथे वेल्डिंग करून जोडले. आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही वेल्डरला विचारा: प्लेट तापली की ओढली जाते, वाकते. इथे दहामजली भांड्याला फरक चालणार मिलिमीटरांत, आणि सांध्यातून हवा आत शिरायला नको. आतली चुंबकं उणे २६९ अंशांवर राहतात ती या निर्वाताच्या आधारानेच. असली हातोटी विकत मिळत नाही. सरकारने काम अंगावर घेतलं म्हणून ती आपल्या कारागिरांच्या हातात आली.

‘ईटर’ वीज देणार नाही, आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये. तोवर सोलापूरजवळच्या फताटेवाडीचं १,३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र कोळसा आणि उजनीचं पाणी घेऊन चालत राहील. इतकी वर्षं परताव्याशिवाय थांबणारा सावकार बाजारात सहसा भेटत नाही. ते सरकारनेच करायचं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हे आपलं संलयन यंत्र १९८९ मध्ये सुरू झालं. ‘एसएसटी-१’ या पुढच्या यंत्रात प्लाझ्मा पेटायला २०१३ उजाडलं. मागावर ताण्याचा धागा तुटला तर गाठ मारून पुढे विणता येतं. पण निधी आटला आणि प्लाझ्मा सांभाळायला शिकलेली माणसं पांगली, की त्यांना पुन्हा घडवायला वर्षं जातात.

पुढचा पैसा मी ट्रिटियमवर घालेन. समुद्राच्या पाण्यात ड्युटेरियम भरपूर आहे. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच, ते लिथियमपासून भट्टीतच तयार करावं लागणार. आणि साठवून ठेवावं म्हटलं, तर बारा वर्षांत ते निम्मं उरतं.