जळवेची लाळ आणि हृदयातला पंप

गोव्यातल्या मोले किंवा नेत्रावळीच्या रानात पावसाळ्यात फिरून आलेल्यांना हे ठाऊक असतं: मीठ टाकलं की जळू गळून पडते, जखम मात्र वाहतच राहते. जॉन हेक्राफ्ट यांनी औषधी जळवेतलं रक्त गोठू न देणारं द्रव्य 1884 मध्ये दाखवून दिलं. पुढे त्याला हिरुडिन हे नाव मिळालं. एवढ्यावरून छातीला जळवा लावून ‘ब्लॉक’ घालवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी कुणी लागू नये. तुंबलेली धमनी त्यानं उघडत नाही. पण हिरुडिनच्या धर्तीवर कृत्रिमरीत्या बनवलेलं बायव्हॅलिरुडिन हे औषध अतिदक्षता विभागात खरोखर वापरतात.

मोठ्या हार्ट अटॅकनंतर हृदय हतबल झालं, की जांघेतल्या धमनीतून इंपेलासारखा छोटा पंप डाव्या खालच्या कप्प्यात नेऊन ठेवतात. त्याचं पातं मिनिटाला 40,000हून जास्त फेरे घेऊ शकतं. परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहतं, आणि त्याच वेळी या वेगात रक्तस्राव थांबवणारी काही प्रथिनं तुटतात. गुठळी आणि रक्तस्राव, दोन्ही धोके एकाच रुग्णात.

रक्त गोठू नये म्हणून नेहमीची निवड हेपारिन. ते डुकराच्या आतड्यातून मिळतं आणि स्वतः काही करत नाही. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला चेव आणतं. उतारा म्हणून प्रोटामिन हाताशी असतं. पण काहींच्या शरीरात हेपारिनमुळे अशी प्रतिपिंडं तयार होतात, की प्लेटलेट घटतात आणि तरीही गुठळ्या होतात. मग हेपारिन पूर्ण बंद.

इथे बायव्हॅलिरुडिन कामाला येतं, आणि मला त्याची करामत फार आवडते. रक्तातलं थ्रॉम्बिन हे प्रथिन म्हणजे जणू कात्री. फायब्रिनोजेन हे दुसरं प्रथिन कापून ती गुठळीचे धागे बनवते. बायव्हॅलिरुडिन म्हणजे 20 अमिनो आम्लांची साखळी; ती कात्रीच्या पात्यांत आणि शेजारच्या खाचेत एकदम अडकते. गुठळीला चिकटलेलं थ्रॉम्बिन हेपारिनच्या हाती सहसा लागत नाही, तेही हिच्या तावडीत सापडतं. मग कात्री हळूहळू ती साखळीच कापून टाकते आणि मोकळी होते! मूत्रपिंडं धड असतील तर सुमारे 25 मिनिटांत औषध निम्म्यावर येतं. उतारा नाही, पण शिरेतून थेंबथेंब देणं बंद केलं की असर लवकर ओसरतो. गोम अशी, की रक्त जिथे साचून राहतं तिथे नवं औषध पोचत नाही, जुनं कापलं जातं आणि गुठळी धरू शकते.

पंपाच्या मोटरचा प्रश्न वेगळा. तिच्यात रक्त शिरू नये म्हणून डेक्स्ट्रोजचं (साखरेचं) द्रावण उलट दिशेनं सतत ढकलतात. त्यात बहुधा हेपारिनच असतं, आणि ते शेवटी रुग्णाच्याच रक्तात उतरतं. शिरेतल्या डोसात तेही मोजावं लागतं. हेपारिन चालत नसेल, तर 2022 पासून अमेरिकेत बायकार्बोनेटच्या द्रावणाला मान्यता आहे. ते मोटर राखतं. शरीरातलं रक्त गोठू नये यासाठी दुसरं औषध शिरेतून द्यावंच लागतं. यकृत ठीक पण मूत्रपिंडं खचलेली असतील, तर तिथे आर्गाट्रोबान या थ्रॉम्बिन रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाचा विचार होतो, कारण त्याचा निचरा यकृत करतं.