नियंत्रित जाळणी व तिच्या परिणामांची पाहणी (खानदेश)

वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी ठरलेल्या हद्दीत, माणसांच्या देखरेखीखाली जंगलातील गवत-पाचोळा जाळणे म्हणजे नियंत्रित जाळणी. या जाळणीने झाडोरा, माती, वन्यजीव आणि जंगलावर पोट असलेली माणसे यांच्यावर काय परिणाम झाला, हे आधीच्या नोंदींशी ताडून पाहणे म्हणजे परिणामांची पाहणी. या पाहणीच्या बऱ्याच पद्धती पाइन वृक्षांच्या जंगलांत घडल्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या उत्तरेला असलेल्या सातपुड्यात मात्र शुष्क पानझडी जंगल आहे: साग, सालई, अंजन, धावडा, खैर, टेंभुर्णी, मोह, पळस. तिकडची मोजपट्टी इथे जशीच्या तशी लावली तर चुकीची उत्तरे हाती येतात.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील लांब पानांच्या पाइनची जंगले दर दोन-चार वर्षांनी लागणाऱ्या हलक्या आगीवरच टिकून आहेत. आग थांबली की रुंदपानी झाडे माजतात आणि पाइनची रोपे दबून जातात. फ्लोरिडातील टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र १९५८ पासून याच विषयावर काम करते. पाइनच्या सुया राळयुक्त असतात, सावकाश कुजतात आणि वर्षानुवर्षे थरावर थर साठतो. म्हणून तिथे जमिनीत खिळे ठोकून त्यांची डोकी पाचोळ्याच्या पातळीत ठेवतात. जाळणीनंतर खिळा जेवढा उघडा पडेल तेवढा थर जळाला, असा साधा हिशेब. हिमालयातील चीड या पाइनच्याच जातीच्या जंगलांतही दरवर्षी गळणाऱ्या सुयांचा प्रश्न हाच आहे.

सातपुड्यात असा जुना थर जवळजवळ नसतोच. सागाचे पान हिवाळा सरताना गळू लागते, उन्हाळ्यात जमिनीवर कुरकुरत पडून राहते आणि पावसाळा संपेपर्यंत वाळवी व ओल मिळून त्याची माती करतात. जळण म्हणजे त्याच वर्षाचा पाचोळा आणि वाळलेले गवत. कुसळी, पवन्या, मारवेल आणि रोशा ही इथली ओळखीची गवते. त्यांपैकी रोशात सुगंधी तेल असते (नंदुरबार भागातला तेल काढण्याचा धंदा जुना आहे), त्यामुळे ते वाळल्यावर भडकन पेटते. इथे खिळ्यांपेक्षा तागडी उपयोगी पडते.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्याआधी वनविभाग जाळरेषा तयार करतो, म्हणजे नियत क्षेत्रांच्या (एकेका वनरक्षकाकडे सोपवलेल्या भागांच्या) हद्दी, रस्ते आणि रोपवनांच्या कडेने पट्टा साफ करून तो जाळून ठेवतो, जेणेकरून पुढे लागलेला वणवा त्या काळ्या पट्ट्याशी अडावा. यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळच्या परिसरात नियंत्रित जाळणी म्हणजे प्रामुख्याने हीच. ती कोणीही करायची गोष्ट नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे.

पाहणीची खरी मेहनत काडी ओढण्याआधीची आहे. जाळायच्या क्षेत्रात कायमचे नमुना-तुकडे आखतात: झाडांसाठी ०.१ हेक्टर, त्याच्या आत झुडपांसाठी ३ मी. × ३ मी. आणि गवतासाठी १ मी. × १ मी. तेवढेच तुकडे शेजारच्या, त्याच उताराच्या आणि तशाच जमिनीच्या न जाळलेल्या भागात घेतात. हा दुसरा संच नसेल तर पाहणीला अर्थ उरत नाही. गवत वाढले ते जाळणीमुळे की त्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून, हे कशावरून ठरवणार? पाऊस लहरी असलेल्या खानदेशात तर हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो.

गवत-पाचोळा कापून, गोळा करून, वाळवून तोलतात. एका चौरस मीटरवर ३०० ग्रॅम कोरडे जळण निघाले, तर हेक्टरी ३ टन झाले. मात्र ज्या चौकोनातले गवत कापले, तो पुढच्या नोंदीसाठी धरत नाहीत. ओलाव्यासाठीचा नमुना लगेच बंद डब्यात ठेवावा लागतो. कापला तेव्हा १२० ग्रॅम आणि भट्टीत सुकवल्यावर १०० ग्रॅम भरला, तर ओलावा २० टक्के. फोटोही लोखंडी खुंटी ठोकून त्याच जागेवरून, त्याच दिशेने, त्याच उंचीवरून घ्यायचा असतो. वर्षानुवर्षांचे असे फोटो शेजारी ठेवले की आकडे न वाचताही पुष्कळ काही कळते.

प्रत्यक्ष जाळताना तापमान, हवेतील दमटपणा, वाऱ्याचा वेग व दिशा, ज्वाळेची उंची आणि आग किती वेगाने सरकते याची नोंद होते. आगीचा जोर काढण्याचे सूत्र अमेरिकी वणवा-संशोधक बायरम यांनी १९५९ मध्ये मांडले: जळणाची उष्णता, जळालेले वजन आणि आगीचा वेग यांचा गुणाकार. दर किलोला सुमारे १८,००० किलोज्यूल उष्णता, चौरस मीटरला ०.३ किलो जळण आणि सेकंदाला ५ सेंटिमीटर वेग धरला, तर आगीच्या कडेच्या दर मीटरला २७० किलोवॉट जोर येतो आणि ज्वाळेची लांबी साधारण १ मीटर भरते. अशी आग हिरव्या फांद्यांनी आणि पाचोळा उडवणाऱ्या ब्लोअरने आवरता येते. जोर ३५० किलोवॉटच्या पुढे गेला की हातातल्या साधनांनी समोरून आग विझवणे धोक्याचे होते. त्याच जळणात वाऱ्याने वेग दुप्पट केला की जोरही दुप्पट होतो, म्हणून वाऱ्याची नोंद वगळून चालत नाही.

जाळणीनंतरच्या पहिल्या फेरीतच पाइनच्या पद्धती आणि सातपुडा यांच्यातला फरक सर्वांत ठळक दिसतो. पाइन सदाहरित आहे, त्यामुळे शेंड्याची किती पाने करपली यावरून इजेचा अंदाज येतो. फेब्रुवारीतल्या सागावर करपायला पानेच फारशी नसतात. तिथे खोड वाचावे लागते. काजळी जमिनीपासून किती उंच चढली, हे टेप लावून मोजतात, आणि तेही खोडाच्या सर्व बाजूंनी, कारण वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ज्वाळा खोडाला चिकटून वर चढते. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला पाचोळा अडून साठतो, त्यामुळे बुंध्याची जखमही बहुधा त्याच अंगाला सापडते. संशय असेल तिथे चाकूच्या टोकाने सालीचा नखाएवढा तुकडा उचलतात. आतला थर ओलसर, फिकट असेल तर झाड त्या जागी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा असेल तर तो भाग मेला. अशी मेलेली कड पुढे पोकळ होते, आणि पुढच्या आगीला आत शिरायला वाट मिळते.

यानंतरची महत्त्वाची फेरी दिवाळीच्या आगेमागे करतात. तेव्हा गवत तुऱ्यावर असते आणि जाती ओळखता येतात. जुलैतली हिरवळ पाहून ‘जंगल सुधारले’ असा शेरा मारण्याची घाई सर्वत्र होते, आणि ती नुकसानीची आहे. आगीनंतर कुसळीसारखे गवत जोमाने येते. चराऊ मारवेल टिकला की हटला, हे मोजल्याशिवाय समजत नाही. सागाच्या रोपांचेही तसेच आहे. आगीत शेंडा जळतो, मूळ जिवंत राहते आणि पावसात पुन्हा कोंब येतो. दरवर्षी हेच घडले तर रोप बरीच वर्षे गुडघ्याच्या वर जात नाही. म्हणून नुसती रोपे मोजणे पुरत नाही. रोपाला ॲल्युमिनियमचा बिल्ला बांधून त्याच्या मानेचा (जमिनीलगतच्या खोडाचा) घेर आणि उंची दोन्ही दरवर्षी नोंदवतात. घाणेरी (लँटाना) या झुडपावर तर वेगळे लक्ष हवे. ती जळाल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटते आणि मोकळ्या झालेल्या उजेडाचा फायदा सर्वांआधी उठवते.

मातीचे नमुने वरच्या ५ सेंटिमीटरमधून घेतात. राखेमुळे आम्लता उतरते, पोटॅश व कॅल्शियम काही काळ वाढते आणि जळणातला बराचसा नत्र हवेत जातो. मात्र सातपुड्याच्या चढांवर जूनच्या पहिल्या धुवाधार सरीत ही राख ओढ्याला लागू शकते. म्हणून उताराच्या तळाशी पन्हळ पुरून वाहून आलेली माती तोलणे हे इथे रासायनिक तपासणीइतकेच मोलाचे आहे.

वन्यजीवांत खानदेशाची स्वतःची जबाबदारी आहे ती रानपिंगळा या छोट्या घुबडाची. १८८४ मध्ये खानदेशातच नमुना गोळा झाल्यानंतर हा पक्षी नामशेष मानला गेला होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहादा परिसरात पुन्हा सापडला. त्याचा विणीचा काळ ऑक्टोबर ते मे, म्हणजे जाळरेषेचा आणि वणव्याचा हंगाम त्यातच येतो. घरटे झाडाच्या ढोलीत असते, आणि ढोली असलेली जुनी, वाळकी झाडेच आग सर्वांत आधी धरतात. अशा प्रत्येक झाडाला आधीच क्रमांक देऊन बुंध्याभोवतीचा पाचोळा ओढून काढावा आणि जाळणीनंतर ते झाड उभे आहे का, हे पाहावे. हे काम एका दाताळ्याचे आहे. तितर, लावा यांसारख्या जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची मोजणीही याच फेऱ्यांत होते.

पावरा, भिल्ल आणि तडवी गावांचे जंगलाशी असलेले नाते या पाहणीत आले नाही तर ती अर्धीच राहते. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूची (म्हणजे टेंभुर्णीची) कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. त्यामुळे त्या वर्षी मोह किती वेचला गेला, पानांचे पुडे किती बांधले, चाऱ्याचे भारे कुठून आले, हे विचारून लिहिणे हा पाहणीचाच भाग आहे. कोणत्या ओढ्याकाठी पूर्वी कोणते गवत होते, हे सांगू शकणारी माणसे गावातच असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना अशा नोंदी स्वतः ठेवता येतील.

उपग्रहाची मदत होते, पण तिच्या मर्यादा आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना पाठवते. त्यांतील एका संवेदकाचा चौकोन १ किलोमीटरचा, तर दुसऱ्याचा ३७५ मीटरचा आहे. काही मीटर रुंदीची, तासाभरात विझलेली जाळरेषा त्यातून सहज निसटते. जळालेल्या क्षेत्राचा नकाशा सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या २० मीटर चौकोनांच्या चित्रांवरून करता येतो, मात्र जानेवारी आणि मार्चची चित्रे ताडली तर नुसती पानगळही जळाल्यासारखी दिसू शकते. म्हणून पानझडी जंगलात मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याचे चित्र समोर ठेवावे, आणि नकाशावर काळ्या दिसणाऱ्या काही जागी पायी जाऊन राख खरोखर आहे का, ते पाहावे.