हिमनदीला नाव दिले म्हणजे ती जमीन मिळाली का?

अंटार्क्टिकातील एखाद्या हिमनदीचा नकाशा करून तिला जो देश नाव देतो, ती जमीन त्याचीच होते, असा संदेश नागपुरातही वर्षानुवर्षे फिरतो आहे. हा समज स्वाभाविक आहे, कारण जुन्या काळी नाव देणे आणि हक्क सांगणे बहुधा सोबतच चालत असे. मात्र १९५९ मध्ये सह्या झालेल्या आणि १९६१ पासून लागू असलेल्या अंटार्क्टिक कराराचे चौथे कलम स्पष्ट सांगते की, करार अमलात असताना केलेली कोणतीही कृती सार्वभौमत्वाच्या दाव्याचा आधार ठरत नाही. नामकरणही त्यातच आले. (आपल्या फुटाळ्याला तेलंगखेडी तलावही म्हणतात, म्हणून त्याचा सातबारा बदलत नाही.) पडताळण्यासाठी ते कलम वाचावे, किंवा इंटरनेटवर अंटार्क्टिकाची एकत्रित नामसूची उघडावी, तिथे एकाच ठिकाणाला निरनिराळ्या देशांनी दिलेली नावे शेजारी-शेजारी सापडतात.