हाड खाणाऱ्या आणि हाड भरणाऱ्या पेशींचे निरोप

हाड एकदा तयार झालं की जन्मभर तसंच राहतं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवं भरतात. खाण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, तोच खड्डा भरायला तीन-चार महिने जातात. त्यामुळे खाणाऱ्या पेशी थोड्या जरी वाढल्या, तरी भरणाऱ्या मागे पडतात.

कोणी कधी कामाला लागायचं, हे पेशींनी सोडलेली प्रथिनं ठरवतात. हेच त्यांचे निरोप. त्यांतल्या पेशी वाढवणाऱ्यांना वाढघटक म्हणतात, प्रतिकारशक्तीच्या पेशींमधले निरोप नेणाऱ्यांना सायटोकाइन. हाडापाशी मात्र हा भेद फारसा टिकत नाही.

ऑस्टिओक्लास्ट घडतो तो रक्तपेशींच्याच कुळातून. त्याला दोन निरोप लागतात. एम-सीएसएफ हा वाढघटक त्याच्या पूर्वज पेशींना जगवतो आणि वाढवतो. मग रँकल नावाचं सायटोकाइन आलं, की त्या एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी बनते. गंमत अशी, की रँकल पुरवणाऱ्यांत हाड भरणाऱ्या कुळातल्याच पेशी आघाडीवर असतात. त्याला आवर घालणारं ओपीजी हे प्रथिनही त्याच सोडतात. निरोप स्वीकारणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला ग्राहक म्हणतात. ओपीजी हा तोतया ग्राहक: रँकलला तोच पकडून ठेवतो, खऱ्या ग्राहकापर्यंत पोचू देत नाही. म्हणून नुसतं रँकल किती आहे हे बघून भागत नाही, ओपीजीच्या तुलनेत किती, हे बघावं लागतं.

याच रँकलला 1997-98 मध्ये वेगवेगळ्या गटांनी चार नावं दिली. कोणी प्रतिकारशक्तीच्या पेशींचा अभ्यास करत होते, कोणी हाडांचा, आणि रेणू एकच निघाला. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. पुढे रँकलचं जनुक काढलेल्या उंदरांत ऑस्टिओक्लास्ट बनेनात, दात हिरडीबाहेर येईनात, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे जमतात त्या लसीका ग्रंथीही तयार झाल्या नाहीत.

आता खाण्याची क्रिया जवळून पाहू. ऑस्टिओक्लास्ट हाडाला कडेने घट्ट चिकटतो आणि आतल्या बंदिस्त जागेत आम्ल सोडतो. खनिज विरघळतं. मग कॅथेप्सिन-के हे विकर (एन्झाइम) उरलेलं कोलॅजेन, म्हणजे हाडातलं तंतुमय प्रथिन, तोडतं. हाड घडताना त्यात टीजीएफ-बीटा आणि आयजीएफ-1 हे वाढघटक साठवले गेलेले असतात, ते आता मोकळे होतात आणि भरणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना तिथे बोलावून वाढवतात. म्हणजे खाण्यातूनच भरण्याचा निरोप निघतो! पण टीजीएफ-बीटा जिथे पेशी गोळा करतो, तिथे त्यांची शेवटची परिपक्वता रोखूनही धरतो. पेशींना हाडाच्या वाटेला नेण्यात बीएमपी या प्रथिनांचा मोठा हात असतो. अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये खनिज काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे नवं हाड तयार झालं होतं. ती करामत बीएमपींची.

आमवातात हा तोल ढळतो. सुजलेल्या सांध्यात टीएनएफ, इंटरल्यूकिन-1 आणि इंटरल्यूकिन-6 ही सायटोकाइन वाढतात, त्यांनी रँकल वाढतं, आणि सांध्याकडेचं हाड कुरतडलं जातं. तरी टीएनएफला सरसकट शत्रू समजणं चूक. हाड मोडल्यावर पहिल्या काही दिवसांतली सूज जोडणीला लागतेच. टीएनएफचे ग्राहक नसलेल्या उंदरांत मोडलेलं हाड उशिरा जुळतं. थोडा वेळ आलेला निरोप बांधकाम सुरू करतो, महिनोन् महिने चालू राहिला तर हाड पोखरतो.

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, रँकलचं पारडं जड होतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. रँकलला अडवणारं डेनोसुमॅब हे औषध अमेरिकेत 2010 मध्ये मंजूर झालं. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली इंजेक्शन देतात. ते अचानक थांबवलं तर दबून राहिलेले ऑस्टिओक्लास्ट उसळून येतात, आणि काही रुग्णांच्या पाठीचे मणके एकामागोमाग मोडतात. म्हणून घरात कोणाला हे इंजेक्शन चालू असेल, तर पुढची तारीख चुकवू नका, आणि थांबवायचं झाल्यास त्याजागी दुसरं कोणतं औषध घ्यायचं हे डॉक्टरांशी आधी ठरवा.